साक्षीदार क्रमांक दोन

आमच्या घराची फाइल मी बनवली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की म्हातारीला कागदातलं काय कळतं. निळी, बटणाची फाइल, आमच्या वस्तीच्या, म्हणजे सेक्टरच्या मार्केटातून आणलेली. घर घ्यायचं ठरलं त्या दिवसापासून रजिस्ट्रीच्या दिवसापर्यंत अडीच महिने ती माझ्या हातात होती. घरातल्या दोघा पुरुषांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी आणि मुलानं, ती उघडली ती फक्त सही करायला. तरी त्या घराची मालकीण कागदावर मी नाही. कशी नाही, तेच सांगते.

तेहतीस वर्षं आम्ही ह्यांच्या कारखान्याच्या, म्हणजे प्लांटच्या क्वार्टरमध्ये काढली. क्वार्टर चांगलं होतं, नाव ठेवणार नाही. मागे अंगण, अंगणात मी लावलेला शेवगा, कढीपत्ता, मेंदी. पण नळ गळला, छत ओलं झालं की तक्रार लिहायला मी जायची आणि खिडकीतला माणूस पहिला प्रश्न विचारायचा, क्वार्टर किसके नाम पे है? मी ह्यांचं नाव सांगायची. तेहतीस वर्षं सांगितलं. वाईट वाटायचं कारण नव्हतं. नोकरी त्यांची, क्वार्टर त्यांचं.

वाईट वाटलं ते आमच्या बाजूची बाई क्वार्टर सोडून गेली तेव्हा. तिचा नवरा नोकरीत असतानाच वारला. थोडे महिने राहू दिलं, मग क्वार्टर खाली करायची चिठ्ठी आली. नियमच तसा आहे, कोणाचा दोष नाही. ती सामान ट्रकात चढवून माझ्याकडे आली आणि म्हणाली, माझ्या जास्वंदीला पाणी घालत जा. चावी तिला ऑफिसात द्यायची होती, ती तिच्या मुठीत होती. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच बसलं. मरायच्या आधी असं एक दार पाहिजे, ज्यातून मला कोणी निघ म्हणणार नाही. नवरा असला तरी, नसला तरी.

हे मी ह्यांना बोलून दाखवलं होतं. एकदा नाही, पुष्कळदा. रिटायरमेंटला वर्ष राहिलं तेव्हा मागच्या अंगणात चहा पिता पिता हे म्हणाले, "घर घेऊन टाकू अन् रजिस्ट्री तुह्या नावानं करू. बाईच्या नावाले स्टॅम्पात सूट आहे." मी त्यातलं पहिलंच वाक्य ऐकलं. सूट असल्याचं वाक्य माझ्या कानावरून गेलं. आता वाटतं, दुसरं नीट ऐकायला पाहिजे होतं.

घर मिळालं उतई रोडला. दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर, पुढे हातभर जागा. विकणारे पण प्लांटातूनच रिटायर झालेले, आपल्या गावी परत चाललेले. सौदा झाला, बयाणा दिला, आणि आमचे हे सोफ्यावर बसून म्हणाले, आता कागदाचं पाहा कोणी. कोणी म्हणजे मी. मुलगा रायपूरला नोकरीवर, सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा.

मी सातवी शिकलेली बाई. तीही तिकडे, भंडाऱ्याकडच्या आमच्या गावात, मराठीत. हिंदी वाचायला-लिहायला मी शिकले ती प्लांटच्या हॉस्पिटलात, ओपीडीच्या लाइनीत शेजारणींचे फॉर्म भरून भरून. त्यांना वाटायचं मला येतं, म्हणून मला यावं लागलं. रजिस्ट्रीची हिंदी मात्र वेगळीच निघाली. विकणारा म्हणजे विक्रेता, घेणारा म्हणजे क्रेता, घराच्या चारी बाजूंना काय काय आहे ती चौहद्दी. मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एकेक शब्द लिहायची आणि समोर अर्थ. ते कॅलेंडर फ्रिजवर चिकटवलं होतं. हे पाणी प्यायला आले की वाचायचे आणि हसायचे. म्हणायचे, वकील होऊन राहिली का?

पटवारी, म्हणजे आपल्याकडचा तलाठी, आठवड्यातून दोनच दिवस भेटायचा. मी ऑटोनं जायची. जमीन कोणाच्या नावावर आहे ते सांगणारा बी-वन, तिच्या नंबराचा उतारा म्हणजे खसरा, नकाशा, विकणाऱ्यांचं जमिनीचं पासबुक म्हणजे ऋणपुस्तिका, घराच्या टॅक्सची पावती, लाइटचं बिल भरल्याचा पुरावा, सगळं मी जमवलं. पटवाऱ्याकडचा माणूस मला पाहून म्हणायचा, अम्मा फिर आ गई. मी म्हणायची, हो बाबा आली, तू काम करून दे, मग नाही येणार. एकदा त्यानं जुन्या सालाची नकल काढून दिली. मी घरी येऊन पाहिलं, दुसऱ्या दिवशी परत गेली. तो म्हणाला, इतना कौन देखता है. मी म्हटलं, जिला राहायचं आहे ती पाहते.

आणि सगळ्यांत शेवटी, फाइलीच्या मागच्या खणात, मी आमची कार्डं लावली. माझं आधार, माझं पॅन. झेरॉक्सवाल्याकडून दोन्ही एकाच पानावर काढून आणली, पाच-पाच कॉप्या. वर आधार, खाली पॅन. किती वेळा ते पान माझ्या हातून गेलं असेल. माझ्या कधी लक्षात आलं नाही की वरची बाई वेगळी आहे आणि खालची बाई वेगळी. कसं येणार? दोन्ही मीच होती ना.

आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलतात. आडनाव तर बदलतंच, स्वतःचं नावही बदलतात. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात नवीन नाव लिहितो, बाया हसतात, नवरीला विचारतात, वाच. मी वाचलं. नाव छान होतं, मला आवडलंही होतं, खोटं कशाला बोलू. सासूबाईंनी ते ताट उचललं आणि तांदूळ डब्यात ओतून टाकले. नाव तेवढं राहिलं. प्लांटच्या मेडिकल बुकात तेच लिहिलं गेलं, रेशन कार्डात तेच, आणि सेक्टरमध्ये आधारचा कॅम्प लागला तेव्हा ह्यांनी तेच सांगितलं. पॅन मात्र मागून निघालं. ह्यांच्या रिटायरमेंटच्या आधी बँकेत माझं खातं उघडायचं होतं, जन्मतारखेचा पुरावा पाहिजे होता, आणि माझ्याजवळ पुरावा एकच, शाळेचा दाखला. मुलानं तो स्कॅन केला, त्यावर होतं तेच नाव भरलं. माहेरचं. कार्ड आलं तेव्हा मी किती वेळ ते हातात धरून बसली होती. इतक्या वर्षांनी कोणी तरी मला त्या नावानं हाक मारली असं वाटलं. मला वाटलं, कौतुकाची गोष्ट आहे. ती अडचणीची आहे हे मला कोण सांगणार?

मुन्शीनं सांगितलं, पण मला नाही. रजिस्ट्री ऑफिसच्या समोर टेबल लावून बसणारा, दस्तावेज लिहिणारा मुन्शी, त्याच्याकडे मुलानं मी काढून दिलेले सगळे कागद नेऊन दिले होते. स्लॉट तिसऱ्या दिवसाचा होता. मुलगा घरी आला, हात-पाय धुतले आणि ताटावर बसून म्हणाला, "आई, तुझं नाव मॅच नाही होत आहे. आधार में अलग, पॅन में अलग. सिस्टीम घेत नाही." मी पोळी तव्यावर टाकून उभी राहिली. म्हटलं, मग? तो ह्यांच्याकडे पाहू लागला. हे भात कालवत होते. म्हणाले, "मंग काय, सध्या आमच्या दोघांच्या नावानं होऊन जाईन. तुह्यं मागून टाकू. घर तं आपलंच हाय."

मागून कसं टाकतात, हे मी विचारलं. मुलगा म्हणाला, होतं, बाद में होऊन जातं. मी फ्रिजवरच्या कॅलेंडरवर शिकलेली बाई, मला एवढं कळत होतं की रजिस्ट्रीत मागून नाव घुसवता येत नाही, त्याला पुन्हा दुसरी रजिस्ट्री लागते. पण मी बोलली नाही. मला वाटलं चूक माझीच आहे. कार्ड माझी, नावं माझी, फाइल मी बनवली, आणि मलाच दिसलं नाही. दोष आपला आहे असं वाटलं की बाईचं तोंड बंद होतं. हे मी आता सांगते आहे, तेव्हा कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुन्शीचा मसुदा आला. दुपारी भांडी आवरून मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून तो वाचला. क्रेताच्या पुढे ह्यांचं नाव, मग मुलाचं. ते वाचून मी पान उलटलं. पुढे चौहद्दी होती. त्यात रस्ता उत्तरेला लिहिला होता आणि शेजाऱ्याचं घर दक्षिणेला. मी त्या घरात सात वेळा जाऊन आली होती. सकाळचं ऊन कुठल्या खिडकीतून येतं, तुळस कुठे ठेवायची, सगळं पाहून ठेवलेलं. रस्ता दक्षिणेला आहे. मी मुन्शीला फोन लावला. तो आधी मानेना. मग बी-वनबरोबरचा नकाशा काढून पाहिला आणि म्हणाला, माताजी, आप तो हमारा धंधा बंद करा देंगी. त्यानं दुरुस्त केलं. ते चुकलं असतं तर पुढे सरकारी दप्तरात नाव चढवायला, म्हणजे नामांतरणाला, बँकेला, सगळीकडे नडलं असतं. संध्याकाळी मुलगा हे ऐकून म्हणाला, मम्मी ग्रेट है. ह्यांनी पण मान हलवली. घरात त्या दिवशी माझं फार कौतुक झालं.

रजिस्ट्रीच्या दिवशी मी ठेवणीतली पैठणी नाही, पण बऱ्यापैकी साडी नेसली. डब्यात पोळ्या, बटाट्याची भाजी, कारण तिथे किती वेळ लागेल सांगता येत नाही. फाइल माझ्या मांडीवर. बाकावर एकीकडे विकणारे, त्यांच्या बाजूला आम्ही. एक साक्षीदार विकणाऱ्यांचा भाचा, तो हजर होता. दुसरे साक्षीदार प्लांटातल्या मिलमधले ह्यांचे जुने सोबती येणार होते. नंबर जवळ आला तरी ते आले नाहीत. त्यांचा फोन आला की बायकोला घेऊन हॉस्पिटलात आहे, जमत नाही.

हे आणि मुलगा बाहेर जाऊन कोणाकोणाला फोन लावू लागले. मुन्शी माझ्याजवळ उभा होता. वेळ जावा म्हणून मी त्याला म्हटलं, बाबा, माझ्या दोन नावांनी घोटाळा केला, नाही तर हे घर माझ्या नावानं होणार होतं. तो अगदी सहज म्हणाला, "घोटाला कैसा माताजी? मैंने तो भैया को उसी दिन बोला था, एक शपथपत्र बनवा लो, कि दोनों नाम की औरत एक ही है. वो सामने नोटरी बैठा है. आधे घंटे का काम."

मी समोर पाहिलं. नोटरीचं टेबल खरंच समोर होतं. त्याच्यापुढे दोन माणसं बसली होती, एक जण चहा पीत होता. मी सकाळपासून त्याच टेबलाकडे तोंड करून बसली होती.

मी म्हटलं, आता होईल का? मुन्शी म्हणाला, का नाही, पण मग मसुदा नवीन, स्टॅम्प नवीन, स्लॉट पुढचा. आठ दिवस, फार तर दहा. पार्टीला विचारून घ्या.

पार्टी म्हणजे आमचे हे. मी उठून बाहेर गेली. दोघं स्कूटरजवळ उभे होते. मी मुलाला विचारलं, मुन्शीनं तुला शपथपत्राचं सांगितलं होतं का? तो म्हणाला, "आई, अभी ये टाइम है क्या?" मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांना माहीत होतं. माणसाबरोबर इतकी वर्षं राहिलं की डोळ्यांवरून कळतं. हे स्कूटरचा आरसा नीट करू लागले. मग म्हणाले, "त्याच्या लग्नाचं पाहून राहिलो ना आपण. तिकडचे लोक आधी हेच विचारते, घर पोराच्या नावानं हाय का? अन् तुले काय फरक पडते? तुले कोण काढून राहिलं घरातून?"

लग्नाचं मी पण पाहत होती. स्थळं मीच आणत होती. मला सांगितलं असतं तर मी तिघांची नावं टाका म्हटलं असतं, एवढंच. मुलगा माझ्याशी खोटं बोलला नव्हता. नाव जुळत नाही म्हणाला, ते खरंच होतं. अर्धं सांगितलं, अर्धं ठेवलं. आणि ती स्टॅम्पाची सूट, जिच्यासाठी माझं नाव सुचलं होतं, तीही ह्यांनी सोडून दिली. सूट सोडणं परवडलं.

आठ दिवस थांबा, असं मी म्हणाली. एकदाच म्हणाली. हे म्हणाले, विकणाऱ्यांची गाडीची तिकिटं निघाली आहेत, सामान बांधून झालं आहे, बुढा-बुढी कुठे राहतील? ते पण खरंच होतं. विकणाऱ्यांची बायको बाकावर पिशव्या घेऊन बसली होती, तिला मी काय सांगणार होती?

तेवढ्यात मुन्शी बाहेर आला. नंबर लागला होता आणि साक्षीदार एकच होता. त्यानं आम्हा तिघांकडे पाहिलं आणि म्हणाला, माताजी को ही बना दो गवाह. इनका आधार तो है ना. गवाह को पॅन नहीं लगता.

तुम्हाला सांगते, त्या घडीला सगळं माझ्या हातात होतं. मी नाही म्हटलं असतं तर त्या दिवशी रजिस्ट्री झाली नसती. मी फाइल उघडली, मागच्या खणातून आपल्या आधारची कॉपी काढली आणि मुन्शीला दिली. का दिली ते अजून मला धड सांगता येत नाही. त्या म्हातारीच्या पिशव्या होत्या. क्वार्टरची मुदत पण संपत आली होती. आणि एक सवय होती, कागद मागितला की काढून द्यायची.

आत संगणकावरच्या पोरीनं मला विचारलं, पति का नाम? मी सांगितलं. मग बोट मशीनवर ठेवलं. माझ्या बोटांचे ठसे घासून गेलेले, तीनदा उठले नाहीत, चौथ्यांदा उठले. साक्षीदार क्रमांक दोन. सही केली. बाहेर आल्यावर सगळ्यांनी डब्यातल्या पोळ्या खाल्ल्या. विकणाऱ्यांच्या बायकोनं चावी काढली, ती माझ्या हातात द्यायला आली, मग तिला काही तरी आठवलं आणि तिनं ती ह्यांच्या हातात दिली. बिचारीनं रीत पाळली.

वर्षभरानं मुलाचं लग्न झालं. मुलगी चांगली आहे, नोकरी करते, माझ्याशी भांडत नाही. मांडवात तांदळाचं ताट आलं, अंगठी आली. मुलगा लिहायला वाकला तेवढ्यात नवरी हसत म्हणाली, "नाव नका बदलू हं, माझं बँक, पॅन, नोकरी सब इसी नाम से है." सगळे हसले. भटजी पण हसले. कोणी तरी म्हटलं, बरोबर आहे, आजकाल फार झंझट होते. ताट बाजूला सरकवलं आणि पुढचा विधी सुरू झाला. अर्धं मिनिट पण लागलं नाही. मला आनंद झाला का? झाला. पण मी उठून पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ परत आली नाही. त्या मांडवात कोणाला आठवलं नाही की ह्याच झंझटीनं एका बाईचं घर गेलं होतं. मुलाला तरी आठवायला पाहिजे होतं. तो फोटो काढून घेत होता.

ते मागून टाकायचं नाव अजून मागेच आहे. मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. घरात मला काही कमी नाही. तुळस दक्षिणेच्या बाजूनं, रस्त्याकडे ठेवली आहे. कोणी काढत नाही मला. ह्यांचं बरोबर आहे, फरक पडत नाही. ज्याला पडत नाही त्याला पडत नाही.

गेल्या महिन्यात मी एकटीच ऑटोनं गेली आणि त्याच नोटरीकडून शपथपत्र बनवून आणलं. की ह्या नावाची आणि त्या नावाची बाई एकच आहे, आणि ती मी आहे. मुन्शीनं अर्धा तास सांगितला होता, वीस मिनिटांतच झालं. घरी येऊन मी ते निळ्या फाइलीत सगळ्यांत वर लावलं. ह्यांनी लाइटबिल शोधायला फाइल उघडली आणि चष्मा लावून ते पूर्ण वाचलं.

"हे कावून बनवलं आता?" हे म्हणाले.

मी तांदूळ निवडत होती. म्हटलं, "मी मेली की दाखला काढायले जासान ना, तिथला बाबू विचारन, बाई एक होती का दोन. तवा घाईत राहसान तुम्ही. अर्ध्या घंट्यासाठी अडू नका."

ह्यांनी चष्मा काढला. कागद त्यांनी परत फाइलीत लावला, पण मागच्या खणात. ते झोपायला गेल्यावर मी तो काढला आणि पुन्हा वर लावला.